एक संध्याकाळ आणि उरलेले एकोणतीस दिवस

महिन्यातला एक वार ठरलेला असतो. त्या संध्याकाळी शहराच्या एखाद्या भागातल्या सगळ्या गॅलऱ्या उशिरापर्यंत उघड्या राहतात, नव्या प्रदर्शनांची उद्घाटनं एकाच दिवशी होतात, आत शिरायला पैसे पडत नाहीत आणि नाक्यावर कुणी सॅक्सोफोन, कुणी ढोल, कुणी गिटार घेऊन उभं असतं. सिॲटलच्या पायोनियर स्क्वेअर भागात हा परिपाठ १९८१ पासून पहिल्या गुरुवारी चालू आहे आणि अमेरिकेतली ही अशा प्रकारची सर्वांत जुनी संध्याकाळ मानली जाते. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये २००६ च्या जानेवारीपासून पहिला शुक्रवार सुरू झाला. मुंबईत कुलाबा-फोर्टमधल्या काही खासगी गॅलऱ्यांनी ‘आर्ट नाइट थर्सडे’ या नावाने महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दारं उशिरापर्यंत उघडी ठेवण्याचा पायंडा पाडला. या प्रथेबद्दल चित्रं काढणाऱ्यांत आणि पाहणाऱ्यांत टोकाचे मतभेद आहेत. ते आपल्या जुन्या वादपद्धतीने इथे मांडतो आहे. पूर्वपक्ष अशा एका चित्रकाराचा, ज्याला या संध्याकाळी नकोशा वाटतात, उत्तरपक्ष माझा. पूर्वपक्ष मुद्दाम लंगडा ठेवलेला नाही, कारण त्यातले निम्मे मुद्दे मला खरेच वाटतात आणि माझं म्हणणं त्यांच्यातूनच पुढे जातं.

पूर्वपक्ष : आधी त्या संध्याकाळी खोलीत काय घडतं ते नीट पाहा. पाच-सहाशे चौरस फुटांची पांढरी खोली, भिंतीवर बारा-पंधरा चित्रं आणि आत साठ माणसं. टेबलावर किमतींचा कागद, शेजारी प्लास्टिकच्या पेल्यांत वाइन. चित्रांकडे पाठ करून लोक एकमेकांशी बोलत उभे. ज्याचं प्रदर्शन आहे तो कोपऱ्यात हसून हसून थकलेला, कारण जो तो त्याचं अभिनंदन करतो आणि चित्राबद्दल अवाक्षर काढत नाही. एखाद्या चित्राखाली विकलं गेल्याची लाल टिकली चिकटली की तेवढ्यापुरत्या माना वळतात, त्याही टिकलीकडे. आता वासुदेव गायतोंडे यांचं एखादं चित्र डोळ्यांसमोर आणा. १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेऊन निघालेला हा माणूस वर्षाला मोजकीच चित्रं करायचा. रंगाचे थर रोलरने चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. त्या पृष्ठभागात काय दडलंय ते उमगायला डोळ्यांना काही मिनिटं तरी एका जागी थांबावं लागतं. साठ माणसांच्या कोलाहलात ते कसं व्हायचं? तुम्ही या संध्याकाळीला कलेचा उत्सव म्हणता. मला तिच्यात कला सोडून बाकी सगळं दिसतं. चित्राला एकांत लागतो, आणि हा प्रकार नेमका एकांतच हिरावून घेतो.

उत्तरपक्ष : खोलीचं वर्णन तुम्ही अचूक केलंत, त्यातला एक शब्द मी खोडणार नाही. पण त्यातून काढलेला निष्कर्ष तपासायला हवा. गर्दी नसती तर लोकांनी चित्र पाहिलं असतं, असं तुम्ही गृहीत धरता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ या संशोधकांनी प्रेक्षक एकेका चित्रापुढे किती वेळ थांबतात ते मोजलं आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरी निघाली सुमारे २७ सेकंद, आणि मध्यक तर १७ सेकंद. तिथे वाइन नव्हती, बॅन्ड नव्हता, भिंतीवर रेम्ब्रांटसारख्यांची चित्रं होती. म्हणजे घाईघाईने पाहणं हा उद्घाटनाच्या रात्रीचा आजार नाही. पाहायची सवयच नसली की शांत दालनातही माणूस सतरा सेकंदांत पुढे सरकतो. मग प्रश्न उरतो तो सवय लागावी कशी याचा. आणि सवय लागायला माणूस आधी आत यावा लागतो.

आता आत येण्याचा विचार करा. जहांगीर आर्ट गॅलरी सकाळी अकराला उघडते आणि संध्याकाळी सातला बंद होते. शेजारचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सहालाच बंद होतं. खासगी गॅलऱ्याही साधारण याच वेळा पाळतात. नरिमन पॉइंटला नोकरी करणारी बाई साडेसहाला सुटते आणि साडेसहापर्यंत रोज तिच्या वाटेवरची सगळी दारं बंद होत आलेली असतात. खासगी गॅलरीचं दार तर उघडं असूनही बंदच असतं. जुन्या इमारतीचा दुसरा मजला, खाली नावाची बारीक पाटी, काचेचं दार, घंटी, आत गारवा आणि मेजामागे मान वर न करणारी व्यक्ती. आपण विकत घेणार नाही हे चेहऱ्यावरूनच कळेल, या संकोचाने माणूस जिन्यावरूनच परततो. महिन्यातली ती एक संध्याकाळ हा संकोच मोडते. त्या दिवशी सगळेच नुसते पाहायला आलेले असतात, कुणी कुणाला काय हवंय म्हणून विचारत नाही. शिवाय वार ठरलेला असतो, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आठवडी बाजाराला जाहिरात लागत नाही. बुधवार म्हटलं की पंचक्रोशीची पावलं तिकडे वळतात, घ्यायचं काही नसलं तरी. सिॲटलच्या गॅलरीवाल्यांनी १९८१ मध्ये केलं ते एवढंच. प्रत्येकाचं उद्घाटन वेगळ्या दिवशी आणि ठरावीक शंभर पाहुण्यांपुढे होत होतं, ते सगळ्यांनी मिळून एका दिवशी आणलं, आणि माणसं एका दारातून दुसऱ्या दारात पायी जाऊ लागली. निमंत्रणपत्रिकेची जागा कॅलेंडरने घेतली. कलाव्यवहारात याहून अधिक लोकशाहीची सुधारणा मला तरी पटकन आठवत नाही.

पूर्वपक्ष : संकोच मोडतो हे मान्य. पण मोडून माणूस जातो कुठे? तुम्ही संगीताला दारात उभं केलंत की त्याला आत यायची गरजच राहत नाही. बाहेर वाजतंय, खायला मिळतंय, ओळखीचे भेटतायत. चित्र डोळ्यांपुढे निमूटपणे थांबतं, सूर मात्र न विचारता कानात शिरतो. दोघांना एका जागी आणलं की चित्र हरणार हे ठरलेलंच. मग ते मागचा पडदा होऊन जातं. आणि संगीताचं तरी भलं होतं का? लोक येता-जाता ऐकतात, अर्ध्या गतीत पुढच्या दारात शिरतात. बैठक मारून ऐकण्याची जी शिस्त आपल्या मैफलीने पिढ्यान् पिढ्या घडवली, तिचीही त्यात माती होते. दोन कला जवळ आणल्याचं समाधान तुम्हाला मिळतं आणि दोन्ही कलांना अर्धा-अर्धा प्रेक्षक मिळतो.

उत्तरपक्ष : एकाच खोलीत दोन्ही कोंबली तर तुम्ही म्हणता तसंच होईल. गिटारवाल्याला चित्रांच्या मधोमध बसवणाऱ्या गॅलऱ्या आहेत आणि ते मला मुळीच रुचत नाही. माझं म्हणणं असं की खोली चित्राची राहावी आणि रस्ता सुरांचा. दोन दालनांमधलं पाच मिनिटांचं चालणं असतं, तिथे गाणं असलं तर माणूस थकत नाही. एक चित्र पाहून निघालेले डोळे जरा विसावतात, आणि घरी परतायच्या बेतात असलेला माणूस आणखी एका दारापर्यंत जातो. रस्त्यावरचं ऐकणं उथळच असतं हा समज मात्र निदान मुंबईने तरी बाळगू नये. गिरगाव-दादरच्या गणेशोत्सवात रस्त्यावर मांडव घालून शास्त्रीय गायनाच्या मैफली रंगायच्या. चाळींतली, गिरण्यांतली माणसं पथारी टाकून रात्र-रात्र ऐकायची आणि गाणाऱ्याला दाद नेमक्या जागी मिळायची. त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते. कान होते, आणि ते कान त्या रस्त्यांवरच तयार झाले होते. पुढे जे श्रोते सभागृहांत बैठक मारून बसले त्यांतल्या कितीतरी जणांनी गाणं पहिल्यांदा ऐकलं ते अशा उघड्यावर. फुकट आणि उघड्यावर मिळालेली गोष्ट माणूस हलक्यात घेतो, हे विधान आपल्याच शहराच्या इतिहासाला धरून नाही.

चित्र आणि सूर यांची सोयरीकही काही नवी नाही. काळा घोड्याच्या चौकातलं जे आधुनिक कला संग्रहालय, ते १९९६ मध्ये तिथे सुरू झालं. त्याआधी ती वास्तू सर कावसजी जहांगीर सभागृह होती, १९११ ची, आणि तिथे सभांबरोबर संगीताचे कार्यक्रम होत. एकाच छताखाली शहराने आधी ऐकलं आणि मग पाहिलं. अर्थात काळा घोड्यावर आज रस्त्यात वाजवायचं म्हटलं की कायदा आडवा येतो, आणि तो योग्य कारणाने येतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरवता येतो. त्या चौकात एका बाजूला एल्फिन्स्टन कॉलेज, जरा पुढे विद्यापीठ आणि उच्च न्यायालय. म्हणून मुंबईत संगीताला आसपासचं एखादं बंदिस्त सभागृह द्यावं लागेल. त्यात चित्राचा फायदाच आहे. तुम्हाला हवी ती शांतता इथे आयोजकाच्या रसिकतेवर सोडलेली नाही, नियमानेच मिळते आहे.

पूर्वपक्ष : तुम्ही नियमाचं नाव काढलंत, तर ओकलंडकडेच वळू. तिथे आठ लहान गॅलऱ्यांनी सुरू केलेली चिमुकली संध्याकाळ काही वर्षांत हजारोंच्या रस्त्यावरच्या जत्रेत बदलली. टेलिग्राफ ॲव्हेन्यूचा मोठा पट्टा वाहनांना बंद करावा लागू लागला. १ फेब्रुवारी २०१३ च्या पहिल्या शुक्रवारी रात्री तिथे गोळीबार झाला, अठरा वर्षांचा एक मुलगा गेला, काही जण जखमी झाले. आणि त्याच शहरात २ डिसेंबर २०१६ रोजी, तोही महिन्याचा पहिलाच शुक्रवार, ‘घोस्ट शिप’ नावाच्या गोदामात संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ माणसं मेली. कला, संगीत, रात्र आणि गर्दी यांना एकत्र बांधण्याची ही किंमत. माझं चित्र पाहायला येणाऱ्याच्या जिवाला घोर लागावा, एवढं माझ्या चित्राचं मोल नाही.

उत्तरपक्ष : या दोन्ही रात्रींबद्दल बोलताना मलाही जपूनच बोलायला हवं, कारण युक्तिवादासाठी मृतांचा वापर करणं वाईट. पण तुम्ही त्यांना एका ओळीत बसवलंत, आणि त्या एका ओळीच्या नाहीत. पहिली घटना गर्दीच्या रस्त्यावरची. मोठ्या गर्दीची व्यवस्था हा प्रश्न असतो आणि त्याला उत्तरंही असतात. ओकलंडने ती काही प्रमाणात शोधली. वेळ आखडली, बंद ठेवायचा रस्ता कमी केला, रस्त्यावरचा उत्सव आणि गॅलऱ्यांची संघटना यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पंढरपूर-नाशिकच्या गर्द्या सांभाळण्याचा अनुभव असलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. गर्दी धोक्याची म्हणून वारी बंद करा, असं कुणी म्हणत नाही. वाटा रुंद करा, पाण्याची सोय करा, लोंढे वळवा असं म्हणतात.

‘घोस्ट शिप’ ची गोष्ट मात्र निराळी आहे आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा तीच आहे. ते गोदाम पहिल्या शुक्रवारच्या रस्त्यांवर नव्हतं. ते दूर फ्रुटव्हेल भागात होतं. कागदोपत्री ती राहण्याची जागा नव्हतीच, तरी तिथे कलावंत राहत होते, काम करत होते, कार्यक्रम करत होते. पाणी फवारणारी अग्निशमन यंत्रणा नव्हती, वरच्या मजल्यावर जायला लाकडी फळ्या जोडून केलेला कामचलाऊ जिना होता. मुख्य भाडेकरूने पुढे २०२१ मध्ये ३६ सदोष मनुष्यवधांची कबुली दिली. त्याचा दोष आहेच. तरी इतकी माणसं अशा सापळ्यात राहायला का गेली, हे विचारल्याशिवाय ती आग समजत नाही. ती गेली कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या त्या पट्ट्यात चित्र काढायला, वाद्य वाजवायला परवडेल अशी कायदेशीर खोली उरली नव्हती. आठ संस्थापक गॅलऱ्यांपैकी ‘रॉक पेपर सिझर्स कलेक्टिव्ह’ ही स्वयंसेवकांनी चालवलेली जागा. परिसरातल्या मुलांना शिवण, छपाई असलं काही शिकवणारी. भाडं झेपेना म्हणून २०१५ मध्ये तिला टेलिग्राफवरची जागा सोडावी लागली. आग लागली त्याच्या जेमतेम सव्वा वर्ष आधीची ही गोष्ट. ज्या खोल्यांनी ती संध्याकाळ उभी केली त्या एकेक करून विझत होत्या, आणि त्यातल्या माणसांपुढे उजेडातल्या जागांऐवजी अंधारातली गोदामं उरत होती. आगीनंतर शहराने मृतांच्या कुटुंबांशी आणि वाचलेल्या एकाशी मिळून सुमारे ३ कोटी २७ लाख डॉलरची तडजोड केली. हीच रक्कम आधी गोदामांना जिने, दारं आणि पाण्याचे नळ बसवायला निघाली असती तर कुणी तिला कलेची उधळपट्टी म्हटलं असतं, याची मला खात्री आहे. आगीनंतर इतर गोदामांमध्ये राहणाऱ्यांना आपल्यालाही आता बाहेर काढतील अशी धास्ती बसली, तेव्हा महापौर लिबी शाफ यांना जागा सुरक्षित करताना राहणाऱ्यांना हुसकू नये असा आदेश काढावा लागला. आग लागल्यावर सुचलेला हा विचार आधी सुचायला हवा होता. मारलं ते दडून राहण्याने. उघड्या दाराच्या संध्याकाळीला त्यात गोवणं मला अन्यायाचं वाटतं, कारण ती नेमकी दडून राहण्याच्या उलट जाते.

पूर्वपक्ष : मग तुम्ही माझीच बाजू मांडलीत. भाडं वाढलं कशाने? तुमच्या या संध्याकाळीनेच. पडक्या वस्तीत आधी चित्रकार येतात, कारण तिथे जागा स्वस्त. मग महिन्यातून एकदा दिवे लागतात, लोक येतात, वस्ती फॅशनची होते, त्यांच्यामागून कॉफीची दुकानं, त्यांच्यामागून बिल्डर. शॅरन झुकिन यांनी १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या सोहोवर लिहिलेलं ‘लॉफ्ट लिव्हिंग’ हे पुस्तक याचीच कथा सांगतं. १९७१ मध्ये शहराने तिथल्या कारखान्यांच्या मजल्यांवर कलावंतांना राहायची परवानगी दिली, आणि बघता बघता ते मजले श्रीमंतांची घरं झाले. चित्रकार हा जमिनीच्या व्यापाऱ्याचा बिनपगारी वाटाड्या ठरतो. ही संध्याकाळ म्हणजे त्या वाटाड्याच्या हातातला कंदील. मी माझ्याच बेदखलीच्या मिरवणुकीत का नाचू?

उत्तरपक्ष : तुमचा हा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि त्याला फुंकर मारून उडवता येणार नाही. दिवे लागले की भाव चढतो, हे खरं. पण त्यातून दोन वाटा फुटतात. एक, दिवेच लावू नयेत. दुसरी, भाव चढायच्या आत काही खोल्या बाजाराच्या हाताबाहेर काढून ठेवाव्यात. पहिल्या वाटेने भाडं थांबत नाही. मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींवर मासिक कलासंध्या कधी झाल्या होत्या? तरी तिथे काय उभं राहिलं ते आपण पाहतोच. शहर वाढतं, पैसा जागा शोधतो, त्याला चित्रकाराच्या कंदिलाची दर वेळी गरज पडत नाही. सोहोची चूकही मला परवानगीत दिसत नाही. राहायची मुभा दिली, पण ती टिकवून ठेवायची यंत्रणा ढिली राहिली, ही ती चूक.

दुसऱ्या वाटेचा दाखला सिॲटलमध्ये आहे, आणि तो तपशिलात पाहण्यासारखा आहे. पायोनियर स्क्वेअर हा १८८९ च्या मोठ्या आगीनंतर विटांनी बांधलेला भाग. विसाव्या शतकाच्या मध्याला तो इतका उतरणीला लागला की १९६१ मध्ये तिथलं सिॲटल हॉटेल पाडून बहुमजली वाहनतळ बांधला. त्याच्या तिरक्या आकारामुळे लोक त्याला ‘बुडतं जहाज’ म्हणतात. उरलेलंही असंच पाडलं जाईल या धास्तीतून चळवळ उभी राहिली आणि १९७० मध्ये सगळा भाग संरक्षित ठरला. त्यामुळे लहान, जुन्या, विटांच्या खोल्या वाचल्या, गॅलऱ्यांनी त्या भरल्या, आणि अकरा वर्षांनी पहिला गुरुवार सुरू झाला. म्हणजे संध्याकाळीच्या आधी खोल्यांचा बंदोबस्त होता. पुढे २००४ मध्ये आर्टस्पेस या ना-नफा संस्थेने तिथल्या दोन जुन्या इमारती जोडून टाशिरो-कॅप्लन हा कलावंतांसाठीचा गाळासमूह उभा केला. राहायला आणि काम करायला मिळून पन्नास घरं, भाडं राहणाऱ्याच्या उत्पन्नाशी बांधलेलं, तळमजल्यावर गॅलऱ्या. पहिल्या गुरुवारी तिथले कलावंत आपापली दारंही उघडतात. भिंतीवर टांगलेल्या चित्रापासून दोन हातांवर त्याची पॅलेट, न धुतलेले ब्रश, अर्धवट सोडलेलं दुसरं चित्र. तुम्ही मघाशी ज्या पाहण्याबद्दल बोललात ते पाहणं अशा खोलीत सुरू होतं असं मला वाटतं. पूर्ण झालेलं चित्र गप्प असतं. अर्ध्यात थांबलेलं चित्र पाहणाऱ्याला पुढे काय म्हणून विचारतं, आणि तो उभा राहतो.

याच शहरातलं उलट उदाहरणही बाजूला ठेवू नये. ६१९ वेस्टर्न या जुन्या इमारतीत शंभराच्या आसपास कलावंतांचे स्टुडिओ होते. पहिल्या गुरुवारी तिच्या जिन्यांवर रीघ लागायची. शहराखालून महामार्गाचा बोगदा काढायचं ठरलं, इमारत धोकादायक ठरली, आणि २०११ मध्ये सगळ्यांना बाहेर पडावं लागलं. दोन्ही इमारतींत तोच गुरुवार, तीच गर्दी, तेच संगीत. एकीच्या भिंतींमागे करारपत्रं होती, दुसरीच्या मागे फक्त जुनेपणाची स्वस्ताई. राहिली ती पहिली. म्हणून मी म्हणतो की महिन्यातल्या त्या एका संध्याकाळीचं भवितव्य उरलेल्या एकोणतीस दिवसांत ठरतं, आणि त्या दिवसांची जबाबदारी चित्रकारावर टाकता येत नाही. ती महापालिकेची, विश्वस्तांची, आणि दर महिन्याला फुकट येऊन जाणाऱ्या आपल्यासारख्यांची आहे.

पूर्वपक्ष : पन्नास घरं म्हणजे दर्यात खसखस. आणि मुंबईत तेवढीही कोण देणार? इथे तर खासगी गॅलऱ्यांच्या गुरुवारी तीच ठरावीक दोनशे माणसं, भिंतीवरची टिपणं इंग्रजीत, बोलणं इंग्रजीत. कोल्हापूरहून, अमरावतीहून कर्ज काढून चित्रं घेऊन आलेला पोरगा त्या गावचाच नसतो. त्याला जागा मिळते जहांगीरला, तीही कित्येक वर्षं रांगेत थांबून.

उत्तरपक्ष : जहांगीरचं नाव तुम्हीच घेतलंत हे बरं झालं, कारण मी सिॲटलमध्ये जे दाखवत होतो ते मुंबईत १९५२ पासून उभं आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून बांधलेलं ते दालन देशातल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी एकीवर आहे, आणि तरी अमरावतीचा मुलगा तिथे आठवडाभर चित्रं लावू शकतो, कारण ती खोली बाजाराने ठरवलेल्या भाड्यावर चालत नाही. केकू आणि खोर्शेद गांधी यांची केमोल्ड गॅलरीही १९६३ मध्ये याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या छोट्या जागेत सुरू झाली. भारतीय आधुनिक चित्रकलेचा केवढा तरी भाग त्या जिन्याने वर गेला. रांग लांब आहे याचा अर्थ अशा खोल्या आणखी हव्यात. मंडयांचे वरचे मजले, बंद पडत चाललेल्या महापालिका शाळांचे वर्ग, बंदराच्या पट्ट्यातली गोदामं. जागा आहेत, त्यांच्यावर नावं दुसऱ्या कशाची तरी लागायच्या आत मागायला हव्यात. आणि जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसणारे आहेत, तेही या संध्याकाळीचे मानकरी असले पाहिजेत. आत आणि बाहेर यांच्यात तिथे दहा पावलांचं अंतर आहे आणि ते ओलांडायला कुठलंही अनुदान लागत नाही. भाषेबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. चित्राखालची चार ओळींची पट्टी मराठीत लावायला येणारा खर्च उद्घाटनाच्या फुलांहूनही कमी असेल.

पूर्वपक्ष : पण जहांगीरचं वेळापत्रक वेगळं. तिथे मंगळवारी प्रदर्शन चढतं आणि पुढच्या सोमवारी उतरतं. मंगळवारी सकाळी आम्ही शिडीवर असतो, दुपारी पाहुण्यांच्या मागे. तुमचा कुठलाही ठरलेला वार आम्हाला सोयीचा कसा व्हावा?

उत्तरपक्ष : गुरुवार सोयीचा आहे, आणि तो आधीच ठरलेला आहे. मंगळवारी चढलेल्या प्रदर्शनाचा तो तिसरा दिवस. खिळे ठोकून झालेले, उद्घाटनाची दमछाक संपलेली, चित्रकार दालनात हजर आणि हातात अजून चार दिवस. खासगी गॅलऱ्यांची प्रदर्शनं तर कित्येक आठवडे चालतात, त्यांना काहीच हलवायला नको. महिन्यातून फक्त एका गुरुवारी सातचे दहा करायचे आहेत. चर्चगेट आणि सीएसएमटी दोन्ही पायी जाण्याच्या अंतरावर, आणि दहानंतरही गाड्या असतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने उशिरापर्यंत उघडं राहण्यातली जुनी अडचणही बरीचशी काढून टाकली आहे. उरतो तो तीन तासांचा पहारा आणि वीज. त्याचा हिशेब मांडून विश्वस्तांना पत्र द्यायचं, आणि त्यावर प्रदर्शन लावणाऱ्या चित्रकारांच्या सह्या आधी हव्यात. तुमची पहिली.

पूर्वपक्ष : सही करतो. पण त्या तीन तासांत दालनात माइक येणार नाही, आणि चित्रापुढे बसायला दोन बाकं ठेवली जातील, हे पत्रातच लिहा.